मागे ऐकू आलं का?

प्रिय दादा,

आज मैदानाच्या सुनावणीत बोलून आले. बोलणं संपवून खाली बसताना सवयीनं मान वळली आणि मी भिंतीच्या कडेला तुला शोधू लागले. तुला जाऊन आठ महिने झाले, पण माझ्या मानेला अजून कुणी कळवलेलं नाही. म्हणून हे पत्र. आईनं चहा ठेवलाय, खिडकीसमोर मैदानात पोरांचा दंगा चाललाय आणि मला सगळं पहिल्यापासून सांगायचंय. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

माझ्या ऐरोलीच्या ऑफिसातल्या मैत्रिणींना अजून नवल वाटतं, की मी वडिलांना दादा म्हणायचे आणि वर अरेतुरे करायचे. मी त्यांना सांगते, आमच्या गावात बापाला तूच म्हणतात आणि घाबरतातही त्यालाच. यातलं दुसरं तुझ्या बाबतीत खरं नव्हतं. तुला कोण घाबरणार? तू अर्धं आयुष्य स्टेजच्या मागे वायरींच्या गुंत्यात बसून काढलंस.

गावात हळद असो, गावदेवीची जत्रा असो, नाहीतर पुढाऱ्याची सभा, माईक आणि भोंगे तुझेच, हसुरामचेच. तुझ्याइतकी भाषणं आजूबाजूच्या गावांत कुणी ऐकली नसतील. आणि स्वतः माईकवर काय बोललास? हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन. तीनच्या पुढे तू कधी गेला नाहीस.

पण बोलणं म्हणजे काय, हे तुला त्या स्टेजवरच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. कार्यक्रम सुरू झाला की तू मशीन सोडून उठायचास, गर्दीच्या कडेकडेनं शेवटच्या रांगेपर्यंत जायचास आणि तिथल्या कुणालातरी विचारायचास, "मांगं आयकू येतं का?" पुढच्या सोफ्यावर कोण बसलंय याच्याशी तुला देणंघेणं नसायचं. सोफ्यावरच्यांना ऐकू येतंच, तू म्हणायचास, ते ऐकत नाहीत ही गोष्ट वेगळी.

आणि ती चिठ्ठी आठवते? वक्ता उठला की कुणीतरी त्याच्या हातात सरकवायचं. तीत मंचावरच्या मान्यवरांची नावं. एखादं राहिलं तर तो माणूस वर्षभर अबोला धरणार, म्हणून सगळी घ्यायची, पदांसकट आणि माजी पदांसकट. तेवढ्या वेळात तू मला घेऊन कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्यायला जायचास. भाषण चुकेल ना, असं मी एकदा विचारलं, तर म्हणालास, अजून सुरू कुठे झालंय, बाय. खरंच, आपण चहा पिऊन परत यायचो तेव्हा गाडी कशीबशी उपाध्यक्षांपर्यंत पोचलेली असायची.

माझं पहिलं भाषण आठवीतलं. शाळेचा कार्यक्रम याच मैदानात होता आणि विषय होता 'माझं गाव'. बाईंनी चार पानं लिहून दिली होती, ती मी धडाधड पाठ केली. तू पडवीत पाठमोरा बसून कुठल्यातरी वायरला सोल्डरचा डाग देत होतास. मी म्हणून दाखवलं. तू वळलाही नाहीस. फक्त म्हणालास, पाठ केलेलं ओळखू येतं, श्वास भलत्याच जागी पडतो. मला इतका राग आला होता! मग तू हात पुसलेस, ती चारी पानं घडी करून खिशात घातलीस आणि विचारलंस, "यात तुला सोताला काय सांगायचं हाय?"

मी तुझ्या खिशातल्या पानांकडे बघितलं. मग म्हणाले, आपली मधली विहीर बुजवली, तिथे आता बिल्डिंग आहे, मला त्याचं वाईट वाटतं.

"मंग तेवढंच सांग," तू म्हणालास. "बाकीचं बाईंचं हाय."

ऑफिसात मागच्या वर्षी आम्हाला दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं, लोकांसमोर कसं बोलावं याचं. छान टाय लावलेला माणूस आला होता. एका भाषणात एकच मुद्दा धरा, श्रोता कोण आहे ते आधी जाणून घ्या, कागद वाचू नका. मी वहीत लिहून घेत होते आणि मनात हसत होते. तो तुझंच सांगत होता रे, फक्त पडद्यावर चित्रं दाखवून. पण तू केलंस ते त्याला सुचलं नाही. कार्यक्रमाच्या आधी, मांडव रिकामा असताना, तू मला नेऊन शेवटच्या खुर्चीत बसवलंस आणि स्वतः स्टेजवर जाऊन उभा राहिलास. तू केवढासा दिसत होतास! परत येऊन म्हणालास, बघ, इथे बसणाऱ्याला तू एवढीशी दिसणार. मग काय पायाच्या अंगठ्याकडे बघून बोलणार आहेस?

अजून एक सांगितलंस. उभं राहिल्यावर लगेच बोलायचं नाही, पहिलं वाक्य सरकणाऱ्या खुर्च्याच खाऊन टाकतात. गप्प उभं राहायचं. ही बोलत का नाही, असं वाटून लोक आपोआप गप्प होतात, तेव्हा तोंड उघडायचं. आणि माईक हनुवटीपासून एक मूठ लांब. त्यावर टिचक्या मारायच्या नाहीत, फुंकर घालायची नाही, तो काही निखारा नाही.

मी विहिरीबद्दल बोलले. दोन-अडीच मिनिटं, जास्त नाही. दुसऱ्या दिवशी गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, हसुरामच्या पोरीचा आवाज काय खणखणीत! मी ते कानात जपून ठेवलं. पुढे प्रत्येक जत्रेला, प्रत्येक सत्काराला मी बोलले, तुझ्याच माईकवर, आणि प्रत्येक वेळी खणखणीत. ऑफिसात काय, दहा जणांची काचेची खोली, नाहीतर कानाला हेडफोन. तिथे आवाज लागतो कशाला? त्यामुळे मला कळण्याचा प्रश्नच आला नाही.

ते कळलं तुझ्या दहाव्याला.

तळ्याकाठी मांडव घातला होता. माईक दुसऱ्या गावच्या माणसाचा. त्यानं वायर जोडली, बटण एकदा फिरवलं आणि मोबाईल बघत बसला. श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. प्रत्येकानं आधी उपस्थितांची नावं घेतली. एकानं तुझ्याबद्दल दोन वाक्यं बोलून गटाराचं काम कधी पूर्ण होणार ते सांगितलं. शेवटी म्हणाले, आता मुलगी बोलेल. मी उठले, तर आपल्या गावकमिटीचे अध्यक्ष नाना पुढे झाले आणि त्यांनी माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. नाना वाईट माणूस नाहीत, तुला माहीत आहे. त्यांना वाटलं, पोरीच्या हातून आज कुणी दुखावलं जाऊ नये.

दादा, मी ती वाचली. सगळी वाचली. आमदारांच्या प्रतिनिधीपासून सोसायटीच्या खजिनदारांपर्यंत. कागद संपला आणि माझं बोलणंही तिथेच संपलं. मी आभार म्हणाले आणि बसले. एवढी नावं घेतली आणि त्यात तुझं नाव नव्हतं. मागे बायकांमध्ये कुणीतरी बोललं ते मात्र मला स्पष्ट ऐकू आलं, "काय बोल्ली ती, कोन जाने."

घरी येऊन मी आईला म्हणाले, माझा आवाज आज कुठे गेला? आई भांडी पुसत होती. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. "तुजा आवाज पयल्यापासून बारीकच हाय गो," ती म्हणाली. "तू उभी रायली का तो बटनावरचा हात काढत नसं."

मग सगळं बाहेर आलं. मी बोलायला उभी राहिले की तू शेवटच्या रांगेत जायचाच नाहीस. तिथे आईला बसवायचास. ऐकू येईनासं झालं की तिनं डोक्यावरचा पदर सारखा करायचा आणि तू बटण थोडं पुढे फिरवायचास. इतकी वर्षं तुम्ही दोघं हे करत होता आणि मला पत्ता नाही. मला वाटायचं, आई किती नीटनेटकी, सारखा पदर सावरते!

मी तुझ्यावर चिडले. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण चिडले. का सांगितलं नाहीस? बाकी सगळं शिकवलंस, मूठ शिकवलीस, खुर्ची शिकवलीस, मग आवाज काढायलाही शिकवला असतास. मला पोहायला शिकवताना कंबरेला दोर बांधला होतास, पण तो दोर मला दिसत तरी होता.

नंतरचे काही महिने मी कुठेच बोलले नाही. ऑफिसात कुणी उभं राहायला सांगितलं की दुसऱ्याला पुढे करायचे.

आणि मग महापालिकेचा आपल्या सगळ्या गावांचा नवा नकाशा आला. आपल्या मैदानावर बहुमजली पार्किंग दाखवलंय. कुणाला हरकत असेल तर लेखी द्या, मग सुनावणीला बोलावू, प्रत्येक गावाला तीन मिनिटं. गावात धावपळ उडाली. या एका मैदानात पोरं खेळतात, लग्नाचे मांडव पडतात, देवीची पालखी बसते. ते गेलं तर आपल्या गल्ल्यांत पालखी वळायलाही जागा नाही, हे तुला सांगायला नको.

देवळात मीटिंग झाली. बोलणार कोण? नेहमीप्रमाणे नाना. नाना चांगले बोलतात, पण तीन मिनिटांत त्यांचे मान्यवरसुद्धा संपत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा बायकांच्या बाजूनं आई उठली. चारचौघांत ती कधी बोललेली मला आठवत नाही. म्हणाली, "रंजू बोलंल."

मी तिच्याकडे बघतच राहिले. घरी येताना तिला म्हणाले, तूच म्हणालीस ना माझा आवाज बारीक आहे? तर म्हणे, बारीक आहे म्हणाले, आवाजच नाही असं कुठे म्हणाले?

मग मी तयारीला लागले, तू लावली असतीस तशीच. पहिल्या दिवशी चार पानं झाली. त्यात गावाचा इतिहास होता, शहरासाठी जमिनी गेल्या ते होतं, पार्किंग दुसरीकडे कुठे होऊ शकतं ते होतं. मी ती पानं घडी करून ठेवून दिली आणि स्वतःला विचारलं, यात तुला स्वतःला काय सांगायचंय? उत्तर सापडायला तीन दिवस लागले. रोज ऑफिसातून आल्यावर तुझ्या सामानाच्या खोलीत जायचे, भोंग्यांसमोर उभी राहून बोलायचे. आईला पडवीच्या पार टोकाला बसवायचे. ओरडलं की शब्द फाटतात, हे पहिल्याच दिवशी कळलं. सावकाश बोललं, वाक्याचं शेपूट गिळलं नाही, पोटातून श्वास घेतला, की तोच बारीक आवाज लांब जातो. हे तू मला का नाही सांगितलंस? कदाचित तुलाही माहीत नसेल. तुझ्याकडे बटण होतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून मी ते सभागृह बघून आले. शिपायानं विचारलं, काय काम आहे? म्हटलं, शेवटच्या खुर्चीत बसायचंय. त्यानं माझ्याकडे असं बघितलं! पण बसू दिलं. एसी मागच्या बाजूला घरघरत होता, म्हणजे मागच्यांना पुढचं अर्धंच ऐकू येणार. आणि माईकच्या नेमका पाठीमागे आवाजाचा बॉक्स ठेवला होता, तोंड माईककडे करून. दादा, तू असतास तर कपाळावर हात मारला असतास.

आज व्हायचं तेच झालं. पहिल्या गावाचा माणूस बोलायला लागला आणि माईकनं शिट्टी मारली. तो ओरडला, शिट्टी अजून वाढली. दुसऱ्याचं तेच. सुनावणी घेणारे साहेब कानावर हात ठेवून फाईल चाळत होते. मग कारकुनानं आपल्या गावाचं नाव पुकारलं. नानांनी उठून माझ्या हातात चिठ्ठी दिली. साहेबांची पदं नीट लिहिली आहेत, म्हणाले, वाईट वाटायला नको. मी ती घेतली, नीट घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

मी माईकजवळ गेले आणि आधी शिपायाला म्हणाले, हा बॉक्स पुढे घ्यायला लागेल. तो म्हणाला, मॅडम, हे असंच असतं. मी म्हटलं, असं नसतं, आणि बॉक्स स्वतः उचलून माईकच्या पुढे, लोकांकडे तोंड करून ठेवला. शिट्टी थांबली. हॉलमध्ये दोघं-तिघं हसले. साहेबांनी फाईलमधून डोकं वर काढलं.

कारकून म्हणाला, पूर्ण नाव सांगा, नोंद करायची आहे.

"रंजना हसुराम भोईर."

लग्न गावातच झालं, आणि मी नाव बदललं नाही, तेव्हा तू जरा कुरकुरला होतास. आज पहिल्या वाक्यातच तुझं नाव त्या माईकवरून गेलं. मग मी गप्प उभी राहिले. खुर्च्या थांबेपर्यंत.

शेवटच्या रांगेत आई बसली होती. मी पहिलं वाक्य बोलले आणि तिचा हात डोक्यावरच्या पदराकडे गेला. बटणावर कुणी नव्हतं. मी थांबले, श्वास घेतला आणि तेच वाक्य पुन्हा, सावकाश, थेट आईकडे बघून बोलले.

"साहेब, नकाशात आमचं मैदान रिकामं दाखवलंय. ते रिकामं नाही. आम्ही ते ठेवलंय."

आईचा हात खाली आला.

मग मी एवढंच सांगितलं. आमच्या गावात घरावर घर चढलं, विहीर बुजली, अंगणं गेली, दोन भिंतींमध्ये छत्री उघडत नाही. प्रत्येकानं मिळेल ती जागा बांधली, आम्हीपण बांधली. पण या एका जागेला एकाही घरानं हात लावला नाही. कुणी पाटी लावली नव्हती, कुंपण नव्हतं, तरी नाही लावला. साहेब, एकदा संध्याकाळी पाच वाजता या, शेवटच्या खुर्चीत बसा आणि बघा, काय रिकामं आहे ते. इथेच थांबले. वेळ उरला होता, पण लोक अजून बघत असताना थांबावं, हेही तूच म्हणायचास.

साहेबांनी काहीतरी लिहिलं. मग विचारलं, पाच वाजता म्हणालात ना? येत्या गुरुवारी जागा बघायला येतो. तेवढंच. निकाल अजून लागलेला नाही आणि काय लागेल ते मला माहीत नाही. पण ते येणार आहेत, आणि माझ्यानंतर बोललेल्या पाचही गावांचा आवाज नीट ऐकू आला, याचा मला कोण आनंद झाला म्हणून सांगू! बाहेर आल्यावर नाना म्हणाले, नावं घ्यायला हवी होतीस. थोडं चालून गेल्यावर परत वळले आणि म्हणाले, पण बरं झालं नाही घेतलीस.

बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं नाही. आत्ता ती चहा घेऊन आली, तेव्हा न राहवून तुझ्याच शब्दांत विचारलं, मांगं आयकू आलं का?

"आलं की," ती म्हणाली. मग कप माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "बटन कोनी फिरवलं?"

दादा, माझा तुझ्यावरचा राग त्या क्षणी गेला. आवाज तू वाढवलास, पण विहीर माझी होती, शब्द माझे होते. ते मागच्या रांगेत पोचावेत एवढ्यासाठी तू तुझी आवडती जागा सोडून मशीनला चिकटून बसलास. तू मला फसवलं नाहीस. मला बोलायची सवय लागेपर्यंत तू सांभाळून घेतलंस.

गुरुवारी पाच वाजता अख्खा गाव मैदानात असेल. साहेबांसाठी खुर्ची ठेवीन, अगदी मागे, पिंपळाखाली, तू उभा राहायचास तिथे. माईक लावणार नाही. तुझं मशीन खोलीतच राहू दे. चिठ्ठी आली तर पर्समध्ये जाईल. आणि उभी राहून, खुर्च्या शांत झाल्या की, सर्वांत आधी तुझं नाव घेईन. दहाव्याला राहिलं होतं ते, मोठ्यानं, पिंपळाखालच्या खुर्चीपर्यंत पोचेल असं. हा माझा शब्द.

तुझी, बारीक आवाजाची,
रंजू